किनऱ्या आवाजाची तारीफ

...अन् वरून मलेच म्हनतेत, "भिवाजी, तू जरा हळू बोल ना बाप्पा!" हळू? हळू बोललो त तो आनखीनच बारीक निंगते, जोरात बोललो त चिरकते, मंग मानसानं बोलाचं कसं, सांगा तुमी! हातवारे करू काय? तुमाले सांगतो, ज्याचा आवाज जाड हाये ना, त्याले या दुनियेत काईच तरास नाही. तो नुसता खाकरला तरी लोक सरकून बसाले जागा देतेत. अन् मी बेंबीच्या देठापासून बोंबललो तरी समोरचा मायाकडे पाहातच नाही, मायामांगं पाह्यते, का बाप्पा, हे बाई कुठून बोलून राह्यली!

किनरा! बस, आसेगावात हेच मायं नाव. पानठेल्यावर "किनरा आला काय", पिठाच्या गिरनीवर "किनऱ्याचं दळन झालं काय." बरं, शबद एक हाये त अर्थ तरी एक असावा का नाही? नाही! दिवाळी झाली का आमच्याकडे दंडार उभी राह्यते, नाच-गानं-सोंगं, अन् बाईचं सोंग घ्याले मानूस लागते. तवा हाच किनरा लाखमोलाचा! "अरे भिवाजीचा किनरा गळा आयकाच तुमी, बाया लाजतेत!" अन् दंडार सरली, लगनाची गोष्ट निंगाली, का तोच किनरा खोट. "पोरगा चांगला हाये हो, वावर हाये, यसन नाही, पन... किनरा हाये म्हनतेत." मले पोरगी दाखवाले नेलं तवा काकानं दमच देला, का भिवा, तू फकस्त मान हालवाची. मान हालवून हालवून लगन केलं मी भाऊ! मंगरूळले फूलचंदशेठच्या दुकानात धोतरजोडा मांगतला, त शेठ गादीवरून मान वर न करता म्हनते, "बाईजी, लुगडे उस तरफ." यश्टीत कंडक्टर मांगून आयकते अन् म्हनते, "बाई, लेडीज शीटवर सरका." मी वळलो, त्यानं मिशी पाह्यली, का मलेच रागावते! जसं काई मीच त्याले फसवाले निंगालो होतो. म्हंजे ज्याचं जसं काम, तसा त्या शबदाचा अर्थ. मले कोनी इचारलंच नाही.

पन हे सांगाचं नोतं मले. मले सांगाचं हाये किन्हीराजा गावचं. अन् मी भूत मानत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. आमचा बाप छप्पन साली नागपूरले गेला, दीक्षा घिऊन आला, आल्या आल्या देव्हारा खाली केला, अंगारे-धुपारे, मुंजा, म्हसोबा, सप्पा सोडून देलं. त्या दिवसापासून आमच्या घरात भूत नाही. म्हंजे... ठेवाची परवानगी नाही.

त झालं असं. मले एक बहीन होती, भागिरथा. आमी भागी म्हनो. आमच्या मायचा आवाज आमा दोघाइले सारखा वाटून आला. सारखा म्हंजे कसा? भिताडाच्या पल्याडून हाक आली त बापाले समजत नोतं का पोरानं मारली का पोरीनं. अन् लोक काय म्हनत? "भागीचा आवाज काय गोड हाये!" अन् माया? किनरा! अरे एकच आवाज ना तो? लुगडं नेसला त गोड, धोतर नेसला का किनरा... हा कोन्या गावचा न्याय हाये?

भागीले देल्ली किन्हीराजाले, शेषराव गुरुजीले. गुरुजी म्हंजे मानूस सोन्यासारखा, पन भाषन फार. भाकर मांगाची असली तरी आधी अंधश्रद्धेवर बोलन, मंग भाकर मांगन. बहात्तरच्या दुष्काळात शेषरावच्या पगारात घर भागत नोतं, म्हून भागी खडी फोडाच्या कामावर जाये. तिथं तिच्या जोडीले विमल. किन्हीराजाचीच, लगनाची पोरगी. दोघी एका ढिगावर बसत, एका फडक्यातली भाकर खात. दुष्काळ सरला, पानी आलं, जवारी मानसाच्या डोक्यावर गेली... अन् भागी काविळीनं गेली. खाचे दिवस आले अन् खानारी गेली भाऊ! मायी एकुलती एक बहीन. सांगतानी आजबी गळा भरून येते, अन् गळा भरला का आवाज आनखी किनरा होते, लोक हासतेत, म्हून मी सांगतच नाही.

वर्सभरानं शेषरावची माय, मोतीबाई, तिनं विमलशीच त्याचं लगन लावून देलं. चांगलं केलं, मले काई वाईट नाही वाटलं. विमल मले भाऊच म्हने. पन विमलच्या मायनं एक काम केलं. आमच्याकडची जुनी रीत हाये, पहिली बायको मेली असन त तिच्या नावाचा चांदीचा टाक दुसरीनं गळ्यात घालाचा, नवं लुगडं आधी टाकाले दाखवाचं, म्हंजे मेलेली सवत खूश अन् जीती बिनघोर. त त्या मायनं गुपचूप करदोड्याच्या दोऱ्यात टाक ववून पोरीच्या गळ्यात घातला. शेषरावनं पाह्यला! झालं, भाषन! "विमल, आपुन बौद्ध झालो. मेलेलं मानूस चांदीत येऊन बसत नसते." इथवर ठीक. पन मानूस थांबला काय? चांदी वाया कायले घालवाची म्हून गेला सोनाराकडे, टाक आटवला, अन् त्याचे विमलले जोडवे करून आनले!

जोडवे! पायात! समजून राह्यले ना तुमी? गळ्यात घालाची सवत ह्या मानसानं बायकोच्या पायाच्या बोटात घातली. मोतीबाईनं डोक्याले हात लावला. विमल बिचारी नवऱ्यापुढे काई बोलली नाही, पन पाय टाकाले भेवाले लागली. घरात चाले त टाचेवर. कोनी इचारलं त म्हने, "मी भागीबाईच्या अंगावर पाय देऊन राह्यली." अन् मंग कातिकात, भरदुपारी, वावरात भाकर घिऊन गेली, त जवारीतून हाक आली. "विमल..." एकडाव नाही, रोज. वारा नाही, पान हालत नाही, पाखरू नाही, अन् जवारीतून हाक. "विमल..." नुसती हाक, पुढं काई नाही.

मी भूत मानत नाही. मले वाटलं कोन्या बाईनं हाक मारली असन, पल्याडच्या वावरातून. पन विमलनं खानंच सोडलं. तोंडात घास घेतला का म्हने, "भागीबाईनं नाही खाल्लं, मी कशी खाऊ." अन् बाई पोटुशी, दिवस भरत आलेले. गालफडं बसले, डोये आंदर गेले. दाईनं शेषरावले सरळ सांगतलं, "गुरुजी, हे अशीच उपाशी राह्यली त दोन जीव जातीन."

तवा आला शेषराव आसेगावले. मले गोठ्यात घिऊन गेला. हळूच म्हनते, "भिवाजी, भूत नसते."

म्हतलं, "नाहीच ना भाऊजी."

"पन विमलच्या मनात ते हाये. अन् मनातलं भूत काढाले त्याच भूताचा आवाज लागते. हे मानसशास्त्र हाये."

"मंग? कोनाचा आवाज?"

त खाली पाहून म्हनते, "तुया."

अबे! ज्या मानसानं मायाच लगनाच्या बैठकीत "भिवाजीले जास्त बोलू देऊ नोका" म्हतलं होतं, तो मायाकडे आवाज मांगाले आला! शबदाचा आनखी एक अर्थ निंगाला पाहा, आता किनरा म्हंजे औषध. रविवारी भरदुपारी विमल सासूसंगं वावरात येईन, मी जवारीत दडून बसाचं, भागीच्या आवाजात तीन वाक्यं बोलाची, अन् मांगच्या मांग पसार. मोतीबाईले सप्पा ठाऊक, विमलले काईच नाही. वाक्यं गुरुजीनं सोताच तयार करून आनले होते. "भगिनी विमल, मी तुझ्यावर प्रसन्न आहे. निश्चिंतपणे भोजन कर." म्हतलं, भाऊजी, भागी जन्मात कधी 'भोजन' म्हने काय? विमल भुताले नाही भेवाची, या मराठीले भेईन! म्हनते, "बरं, तू तुया भाषेत बोल, पन तीनच वाक्यं. अन् रविवारी घरून निंगाल्यापासून एक शबद बोलू नोको. गळा जपून ठेव."

मी हो म्हतलं. काहून नाही म्हनाव? दोन जीवाचा सवाल होता. पन तुमाले सांगतो, दंडारीत मी राण्या केल्या, गौळनी केल्या, मेलेली बहीन कधी केली नोती. घोकून पाह्याव म्हून सांजच्याले गोठ्यात गेलो. म्हशीपुढं उभा राह्यलो अन् बोललो, "विमल, मी भागी वं. जेव माय, मी राजी हाओ तुयावर." भाऊ... म्हैस रवंथ करत होती ते थांबली. मायाच अंगावर काटा! असल भागी! अन् बाहीर अंगनात आमची माय मूग पाखडत होती, तिले डोयानं कमी दिसते. सुपाचा आवाज बंद झाला. अन् माय म्हनते, "भागी? आली काय माय? एकटीच आली काय वं?"

मी तोंडावर हात दाबला. आवाजच नाही काढला. माय उठली, भिताड चाचपत आली, हातात पान्याचा गडवा. "पानी पे आधी, मंग बोल." मी गोठ्यातून बाहीर आलो. तिनं मायाकडे पाह्यलं, मले पाह्यलं, अन् गडवा तिथंच खाली ठिवला अन् पुन्हा जाऊन मूग पाखडाले लागली. शिव्या देल्या असत्या त बरं झालं असतं.

त्याच्यानंतर मी घोकलंच नाही. रविवारी निंगालो. शब्बास म्हना, एक शबद नाही बोललो! यश्टीत पैसे पुढं केले, बोटानं रस्ता दाखवला. कंडक्टरले वाटलं मुका हाये. त काय माया करे तो मायावर! "बसा काका, खिडकीजवळ बसा." जिंदगीभर या लाईनवर मी बोलत फिरलो, मले कोनी काका नाही म्हतलं. चूप बसलो त काका झालो.

पन शेलूबाजाराच्या अल्याड गाडीनं धूर सोडला अन् बसली रस्त्यात. डायवर खाली उतरला, बॉनेट उघडलं, बिडी पेटवली, अन् इंजनाकडे असा पाह्यत बसला का जसं इंजनच त्याले सांगनार हाये काय झालं ते. सूर्य डोक्यावर! मायी भरदुपार चालली ना तिकडं! बोंबलाचं होतं, पन बोलाचं नोतं. शेवटी ट्रकवाल्याले हात देला, बारदान्यावर बसून आलो, किन्हीराजाच्या फाट्यावर उतरलो अन् जे पयत सुटलो ते वावरापर्यंत. सावल्या लांब झाल्या होत्या. वावरातल्या निंबाखाली कोनी नाही. भाकरीचं रिकामं फडकं पडलेलं. बस, म्हतलं, गेलं. भाकर सासूनं खाल्ली असन, बाई उपाशीच घरी गेली. मायाच्यानं एक काम होत नाही.

अन् ते वावर... कसं सांगू तुमाले? जवारीच्या वावरात आवाज असते, पान घासते, पाखरं असतेत, सोकारीवाला गोफन फिरवते. तिथं काईच नोतं. मी आंदर शिरलो, वाटलं निदान उशिरा का होईना हाक मारून पाह्याव, आसपास असन त आयकन. तोंड उघडाले गेलो, त गळा बसलेला! दंडार करून सकाळी जसा बसते ना, चिरलेला, खवखवता, तसा. सकाळपासून एक शबद नाही बोललो मी, अन् गळा बोलून बोलून बसलेला! म्हतलं धूळ असन ट्रकची. धूळच होती. मी भूत मानत नाही.

तोंड लपवत शेषरावच्या घरी गेलो, म्हतलं पाय धरून माफी मांगू. दारातून पाह्यतो त काय? विमल चुलीपुढं बसून जेवून राह्यली! भाकर, ठेचा, वांग्याची भाजी, अन् पायात जोडवे, अन् पाय अख्खा जमिनीवर टेकवलेला! मले पाहून हासली. "या भाऊ. हातपाय धुवा. तुमचं ताट झाकून ठिवलं."

मी उभाच. मोतीबाईनं मले बाजूले ओढलं, कानात बोलली, अन् हासू तिच्या पोटात मावत नोतं. "काय बोलला रे बाप्पा तू! मले ठाऊक असून माया अंगावर काटा आला. 'विमल, ते जोडवे काढू नोको वं, मी जीतेपनी कोनाच्या पायाखाली नाही आली, आता कायची येतो! मी तुले रोज जेव म्हून सांगाले हाक मारतो अन् तू पयून जातं. खडीवर अर्धी भाकर देत होतो ते इसरली काय?' विमल रडली, रडली, अन् निंबाखाली बसून अख्खी भाकर खाल्ली तिनं! अन् लबाडा, भुताच्या तोंडून सोताच्या जेवाची फर्माईश?"

मी हातानंच इचारलं, कायची फर्माईश?

तवर विमलनं ताट पुढं ठिवलं, वरचं झाकन काढलं. म्हनते, "भागीबाईच म्हने, भिवा उशिरा येईन. गाडी दगा देईन त्याले, उपाशी येईन. भाकरीचा पापुद्रा काढून त्याले तेल-तिखट लावून ठेव, त्याले तसाच लागते."

ताटात तसाच होता. पापुद्रा, तेल-तिखट लावलेला. भाऊ... लहानपनी दंडारीतून मी कधीबी घरी येवो, सप्पा झोपलेले असो, भागी मायासाठी असाच पापुद्रा झाकून ठेवे, बापाले न सांगता. तिच्या सासरी कोनाले ठाऊक नाही हे. मायी बायको मले आजबी अख्खी भाकर वाढते. मी बसलो, खाल्लं, अन् डोयातून पानी गळून राह्यलं. विमल म्हनते, "तिखट झालं काय भाऊ?" मी पापुद्र्याचा आनखी एक घास तोंडात कोंबला. बोलनार कोन्या तोंडानं?

मंग शेषराव आला, माया पाठीवर थाप! "वा भिवाजी! हा विज्ञानाचा विजय हाये! तीन वाक्याचे इतले वाक्यं केले तू, पन हरकत नाही." मी हात हालवून सांगतो, मी नोतो, मी नोतो, अन् तो म्हनते, "हां हां, विमलपुढं बोलू नोको, शाब्बास, याले म्हनतेत शिस्त!" आता या मानसाले कसं समजवाव?

फाट्यावर सोडाले आला. आजूबाजूले कोनी नाही. म्हतलं, आता सांगतोच. तोंड उघडनार, त तोच थांबला. हातातल्या सायकलीची घंटी उगंच वाजवत राह्यला. खालच्या आवाजात म्हनते, "भिवाजी... मी धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, उभा होतो. जवारीत पाह्यलं मी. तू दिसला नाही मले." अन् मंग म्हनते, "पन तूच होता ना?"

आता काय सांगू तुमाले! जन्मभर भूत नाही, भूत नाही म्हून गाव जागवनारा मानूस, घरी उपाशी बाई जेवाले लागली, पोटातलं लेकरू वाचाले लागलं, अन् मायाकडे असा पाहून राह्यला का जसं मी नाही म्हतलं त तिथंच पडन. सांगा, तुमी काय केलं असतं? मी मान हालवली. हो म्हून. त्यानं एवढा मोठा श्वास सोडला अन् घरी गेला, शीळ वाजवत.

पोरगी झाली, चांगली सुदृढ झाली. अन् मोतीबाईच्या तोंडाले झाकन हाये काय? चार दिवसात सप्पा मुलखाले ठाऊक! आता इकडून तिकडून लोक येतेत, "भिवाजीभाऊ, आमच्या सुनेले तिच्या मेलेल्या सासूचा आवाज काढून द्या ना." मी म्हनतो, नाही जमत. त म्हनतेत, "पाहा, कलाकाराले घमंड आला!" परवा फूलचंदशेठनं मले गादीवर बसवलं, चा पाजला, पन्नास गिऱ्हाइकाइपुढं म्हनते, "क्या गला पाया है भिवाजी ने!" आता किनरा कोनीच म्हनत नाही मले. मायी बायको बी नाही. सगळीकडे तारीफ, तारीफ, माया आवाजाची तारीफ... अन् हाये कोन्या दिवसाची? त ज्या दिवशी मी तोंडच नाही उघडलं, त्या दिवसाची!